लाल चौकोन आणि अकरा आंघोळी

शिरीष भोइटेनं त्या कागदावर तिसऱ्या चौकोनात खूण केली, ती चुकून नव्हे. चुकून केली असती तर निदान नंतर तोंड दाखवायला जागा उरली असती. त्यानं ती नीट विचार करून, पेनाचं टोपण दातांत धरून आणि घरमालकाची होणारी फजिती डोळ्यांपुढे आणून केली. वर दोनदा गिरवलीही.

कागद घराच्या वायरिंगच्या तपासणीचा होता. खाली तीन चौकोन. पहिला, सर्व ठीक. दुसरा, सहा महिन्यांच्या आत दुरुस्ती करावी. तिसरा लाल कडेचा, धोका आहे, वापर ताबडतोब थांबवावा. घर दुसऱ्या चौकोनाचं होतं. हे शिरीषला माहीत होतं, तारांचं आवरण तपासणाऱ्या त्याच्या हातातल्या मेगरलाही माहीत होतं.

पण शिरीष फलटणचा. तिथं ज्या मास्तरांच्या हाताखाली तो पकड आणि टेस्टर धरायला शिकला, त्यांचं एक ब्रह्मवाक्य होतं: लाल शाईनं लिहिलं तरच मालक हिरवी नोट बाहेर काढतो. म्हणजे भिंतीला ओल असेल तर लिहायचं, माणूस चिकटेल. माणूस चिकटेल असं वाटत असेल तर लिहायचं, अख्खी आळी जळेल. मग मालक कपाळाला हात लावणार, मास्तरांना चहा पाजणार, "एवढं काही नसेल हो" म्हणणार आणि दहाची मागणी चारावर तोडणार. मास्तरांना चारच हवे असायचे. कागदावरचं कुणी खरं मानत नसे, म्हणून तर कामं होत.

ही विद्या शिरीष आपल्याबरोबर जपानात घेऊन आला. विमानतळावर कस्टमवाल्यांनी गोडा मसाला उघडून हुंगून पाहिला, पण ही चीज त्यांच्या हाती लागली नाही.

तो आला होता बायकोच्या व्हिसावर. ईश्वरीची बँक तिला मुंबईहून तोक्योला पाठवत होती, आणि शिरीष तिच्या कागदपत्रांत 'अवलंबून असलेली व्यक्ती' या रकान्यात बसून आला. फलटणच्या आत्याला हे कळल्यावर ती दोन दिवस जेवली नाही म्हणतात. अवलंबून असलेल्या माणसाला इथं आठवड्याला अठ्ठावीस तास काम करता येतं. शिरीषनं दीड वर्ष इथंच जन्मलेल्या लेकीला, जुईला, पाळणाघरात नेण्याआणण्याचं काम केलं, फावल्या वेळात जपानी घोकलं, वायरमनच्या परीक्षेत दोनदा आपटी खाल्ली, तिसऱ्यांदा पास झाला आणि इचिकावातल्या मोरिता-सानांच्या दुकानात लागला.

मोरिता-सान एकाहत्तर वर्षांचे. त्यांच्याकडे जुन्या लाकडी घरांची कामं येत, कारण त्या घरांच्या माळ्यावर सरपटायला तरुण जपानी पोरं तयार नसत. शिरीष तयार होता. प्रत्येक स्विचकडे बोट करून मोठ्यानं "योशी!", म्हणजे 'ठीक!', म्हणायचं, मगच हात लावायचा, ही त्यांची पद्धत त्यानं उचलली. सुरुवातीला त्याला हे देवळात घंटा वाजवल्यासारखं वाटायचं. पुढे घरी गॅस बंद करतानाही तो बोट दाखवून ओरडायला लागला आणि ईश्वरीनं त्याच्यापुढे हात जोडले.

मोरिता-सानांची आणखी एक पद्धत होती. घरात भाडेकरू राहत असेल, तर आधी तोंडी, मग कागदी. म्हणजे जे सापडलं ते आधी भाडेकरूला सांगायचं, मग मालकाला भेटून सांगायचं, दोघांचं काय ठरतंय ते बघायचं आणि शेवटी खूण करायची. त्या तपासणीच्या दिवशी मोरिता-सानांची कंबर धरली होती, म्हणून शिरीष एकटाच गेला. आणि घर होतं दमयंतीकाकूंचं.

दमयंती पोंक्षे यांना तोक्योच्या एदोगावातला मराठी माणूस ओळखत नसेल, तर त्याला मूलबाळ नाही एवढाच त्याचा अर्थ. पंचेचाळीस वर्षांपूर्वी त्या नवऱ्यामागून पुण्याहून आल्या. पोंक्षे मातीचे शास्त्रज्ञ. भाताच्या खाचरातल्या मातीवर त्यांनी जन्म घालवला आणि चौदा वर्षांपूर्वी त्यातच, म्हणजे प्रयोगशाळेतच, खुर्चीत बसल्या बसल्या गेले. काकू इचिकावातल्या ग्योतोकुच्या त्याच भाड्याच्या लाकडी घरात राहिल्या. मुलगा अद्वय ओसाकाला. काकूंचं काम म्हणजे बाळंतिणी आणि बाळं.

इथं मुलीच्या बाळंतपणाला आई येते ती तीन महिन्यांच्या व्हिसावर, तीही आली तर. ज्यांची येत नाही त्यांच्याकडे काकू जात. रोज सकाळी मेट्रोनं चार स्टेशनं ओलांडून एदोगावातल्या निशी-कासाईला. पिशवीत तेलाची बाटली, जुन्या साडीचे मऊ तुकडे, डिंकाच्या लाडवाचा डबा. न्हाणीघराच्या प्लास्टिकच्या फरशीवर पाय पसरून बसायचं आणि बाळ पायांवर घ्यायचं. मालिश, आंघोळ, टाळूवर तेल. पूर्वी त्या वावडिंगाची धुरीही देत. एकदा अकराव्या मजल्यावर ती दिली तेव्हा छतावरचा भोंगा वाजला आणि शिडीचा बंब घेऊन सहा जण आले. त्यांच्यातल्या एकानं टोपी काढून बाळाला बघितलं. तेव्हापासून धुरी बंद आणि तव्यावर गरम केलेल्या फडक्याचा शेक सुरू.

अशी दोनशेच्या वर बाळं त्यांच्या पायांवरून गेली होती. सव्वा महिना पुरा झाल्याशिवाय काकूंनी एकही सोडलं नाही. शिरीषची जुईही त्यांतलीच.

म्हणूनच त्या दिवशी शिरीष घरात शिरला तो आपल्या माणसाच्या घरात शिरावं तसा. दारावर लाकडी फळी, तिच्यावर चिनीमातीचं जुनं स्विच, आत फ्यूज. त्यानं बोट केलं, "योशी!" म्हणाला, झाकण उघडलं आणि हसत सुटला.

"काय रे, काय झालं?" काकूंनी विचारलं.

"काकू, फ्यूजच्या जागी तांब्याची तार आहे. सरळ तार! हे कुठल्या जपान्यानं केलेलं नाही."

"आमच्या ह्यांनी केलंय. सारखा फ्यूज उडायचा मिक्सर लावला की. एक दिवस चिडून तार घातली. म्हणाले, सदाशिव पेठेत आमच्याकडे अशीच होती, कुणी मेलं नाही."

"शास्त्रज्ञ ना हो ते?"

"मातीचे. विजेचे कुठे होते!"

शिरीष माळ्यावर चढला. चिनीमातीच्या गोट्यांवर ताणलेल्या, कापडात गुंडाळलेल्या तारा. दोन ठिकाणी उंदरांनी कापड कुरतडलेलं. न्हाणीघराकडच्या तारेला ओल. मेगर लावला. जिथं शून्य पूर्णांक एक तरी हवं, तिथं शून्य पूर्णांक शून्य चार. गळती पकडणारा ब्रेकर नावालाही नाही. वाईट होतं, पण आज जळेल असं नव्हतं. दोन दिवसांचं काम. नवं पॅनल, नव्या तारा, न्हाणीघराची लाईन वेगळी, संपलं.

"मालकाला सांगितलं होतं का कधी?" खाली उतरत त्यानं विचारलं.

"बारा वर्षं सांगतेय. मोरीतला दिवा तर मधेच जातो नि मधेच येतो. फुकुई-सान येतात, वाकतात, बघतो म्हणतात. चांगले आहेत रे, पण घर जुनं झालंय, पैसे घालून काय उपयोग असं त्यांना वाटतं."

"आता बघा तुम्ही. असा दणका देतो की सगळं घर नवं करून देतील."

"दे बाबा. माझ्या मोरीतला दिवा तेवढा लागू दे." आणि त्यांनी त्याच्या हातावर लाडू ठेवला.

लाडू संपवून त्यानं तिसऱ्या चौकोनात खूण केली. मालकाची प्रत जाता जाता मालकाच्या टपालपेटीत स्वतः टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुकुई-सान काकूंच्या दारात उभे. पोस्टातून निवृत्त झालेला, किडकिडीत, काळा कोट घातलेला माणूस. हातात मिठाईची पेटी. ते इतके वाकले की काकूंना त्यांच्या डोक्यावरचं टक्कल प्रथमच दिसलं. पोंक्षे-सान, मी तुम्हाला इतकी वर्षं धोक्यात ठेवलं, मला क्षमा करा, ते म्हणाले. हा कागद वाचून मला झोप लागली नाही. हे घर आता मी कुणालाही राहायला देऊ शकत नाही. तुमच्या सामानाचा, जाण्यायेण्याचा सगळा खर्च माझा. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत वेळ घ्या.

घासाघीस नाही, "एवढं काही नसेल हो" नाही. कागदानं सांगितलं धोका, म्हणजे धोका. फलटणच्या मास्तरांची सगळी विद्या त्या एका वाकण्यात आडवी झाली.

शिरीषला हे संध्याकाळी काकूंच्या फोनवरून कळलं. त्या रागावल्या नव्हत्या, हेच वाईट. "बरं झालं रे तू बघितलंस," त्या म्हणाल्या. "जळून मेले असते. आता मला इथंच जवळ एखादी खोली शोधून द्या तुम्ही दोघं. एक खोली, एक मोरी, आणि मेट्रो जवळ. बास."

शोधायला शिरीष आणि ईश्वरी दोघंही गेले. घरं दाखवणाऱ्या पहिल्या दुकानातला मुलगा गोड होता. काकूंचं वय विचारेपर्यंत तर फारच गोड. शहात्तर म्हटल्यावर त्यानं दातांमधून हवा आत ओढली. हा आवाज ज्यानं ऐकला आहे त्याला पुढचं वाक्य ऐकायची गरज नसते. एकटी म्हातारी घरात वारली तर पुढे भाडेकरू मिळत नाही, असं तो बोलला नाही. मालकांना जरा काळजी वाटते, असं बोलला. दुसऱ्या दुकानात तीच हवा, तेच दात. तिसऱ्यात बाईंनी चहा दिला आणि मग हवा ओढली. चौथ्यात एक घर निघालं, पण मुलगा जामीन हवा.

ईश्वरीनं तिथूनच अद्वयला फोन लावला. तो चाळिशीचा, इथंच वाढलेला, आईशी मराठी बोलतो पण रागावला की जपानीत जातो. तो आधी मराठीत म्हणाला, "ताई, नऊ वर्षं मी तिला इकडे बोलावतोय. दर वेळी ती म्हणते, घर आहे की. आता घर नाहीये." मग जपानीत गेला. ईश्वरीनं फोन शिरीषकडे दिला, कारण जपानी त्याचं बरं. अद्वय सांगत होता की तुम्ही तपासणी केली याबद्दल मी आणि माझी पत्नी मनापासून आभारी आहोत. जामीन मी होणार नाही. आईची खोली आम्ही तयार केली आहे, सहा ताटामी चटयांची, उजेडाची.

"आई तिथं काय करेल?" शिरीषनं विचारलं.

"विश्रांती," अद्वय म्हणाला.

शिरीष घरी आला आणि त्यानं ईश्वरीला चौकोनाचं सांगितलं. दोन आठवडे पोटात ठेवलेलं. ईश्वरी भांडी घासत होती, ती घासतच राहिली. मग म्हणाली, "काकूंना सांगितलंस?"

"नाही."

"फुकुईंना?"

"उद्या जातो, मोरिता-सानांना घेऊन."

"आपल्याकडे आणू या त्यांना राहायला?"

दोघांनी आपल्या दोन खोल्यांकडे पाहिलं. मधे जुई बसली होती, बाहुलीला पायांवर घेऊन तिच्या डोक्यावर पाणी ओतल्याचं नाटक करत. तिला शिरीषनं विचारलं, "काकूआजी इथं राहायला येऊ दे का गं?" जुई जपानीत म्हणाली, "ईयो," म्हणजे चालेल, आणि बाहुलीच्या टाळूवर तेल घातलं.

काकूंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "वेडा आहेस का? मी घर मागत होते. तू पाहुणचार देतोयस."

मोरिता-सानांना चौकोनाचं सांगणं हे शिरीषच्या आयुष्यातलं सगळ्यात लांब वाक्य होतं. मोरिता-सान ऐकत होते, एक हात कमरेवर. शेवटी त्यांनी विचारलं, "भोइटे-सान, तुम्ही खोटं लिहिलंत का?"

"नाही. जास्त लिहिलं."

"जास्त," ते म्हणाले, आणि तो शब्द त्यांनी तोंडात नीट फिरवून पाहिला. "मी चाळीस वर्षं लिहितोय. मला जास्त लिहिता येत नाही. कसं लिहितात ते?"

हा टोमणा नव्हता. ते खरंच विचारत होते. शिरीषनं मान खाली घातली.

दोघं फुकुई-सानांकडे गेले. मोरिता-सान दुखरी कंबर घेऊन जमिनीवर हात टेकून वाकले, आणि शिरीषला त्यांच्या मागे तसंच वाकावं लागलं. माझ्या माणसानं चुकीच्या चौकोनात खूण केली, मोरिता-सान म्हणाले. घर दुरुस्त होण्यासारखं आहे. काम आम्ही फुकट करू.

फुकुई-सानांनी तो कागद पुन्हा काढून पाहिला. मग म्हणाले, "म्हणजे घराला धोका नाही?"

मोरिता-सानांना पटकन हो म्हणता आलं असतं. शिरीष मनात म्हणत होता, म्हणा, म्हणून टाका. मोरिता-सान म्हणाले, "आहे. पण आजचा नाही."

"मग कधीचा?"

मोरिता-सान पुन्हा वाकले. फुकुई-सान हळू आवाजात म्हणाले, "मी तो कागद वाचलाय, मोरिता-सान. न वाचल्यासारखं मला आता करता येणार नाही. उद्या काही झालं तर लोक म्हणतील, याला माहीत होतं. खरं सांगायचं तर मला आधीच माहीत होतं. बारा वर्षं ती बाई सांगत होती. त्याचीच लाज वाटते." त्यांचं ठरलं होतं. घर पाडणार, जागा मोकळी ठेवणार. काकू जाईपर्यंत एक सुरक्षित लाईन तेवढी ओढून द्या, एवढी परवानगी त्यांनी दिली.

ती लाईन शिरीषनं एका दिवसात ओढली. दाराशी नवा ब्रेकर, तिथून स्वयंपाकघर, तिथून मोरी. पुण्याहून आणलेला मिक्सर काकू एका जड ट्रान्सफॉर्मरवर चालवायच्या, कारण इथली वीज आपल्या मिक्सरला पुरत नाही. त्याचं बटण दाबलं आणि दिवे न मंदावता तो गरगर फिरला. काकू मोरीच्या दारात उभ्या राहून तिथल्या दिव्याकडे बघत होत्या. तो मधे गेला नाही.

"एका दिवसात केलंस रे," त्या म्हणाल्या.

त्या शब्दानं शिरीष शिडीवरच थांबला.

घरभर गठ्ठे होते. इथं माणसाला घर सोडायचं असलं तरी ते कचऱ्याच्या वेळापत्रकानं सोडावं लागतं. जळणारं मंगळवारी आणि शनिवारी. धातू महिन्यातून दोनदाच. मोठ्या सामानावर चिकटवायला चिठ्ठ्या विकत आणायच्या आणि फोन करून दिवस मागायचा. काकूंनी पंचेचाळीस वर्षांचा संसार असा वारावार वाटून टाकला होता. पातेली दुसऱ्या बुधवारी गेली. पोंक्षेंचे कोट कापडाच्या दिवशी. त्या आता जमिनीवर बसून त्यांच्या वह्या सुतळीनं बांधत होत्या, कारण उद्या कागदाचा वार होता. वह्यांमधे मातीचे वाळलेले चिमूटभर नमुने चिकटवलेले. ते कुठल्या वारी टाकायचे हे वेळापत्रकात लिहिलेलं नव्हतं, म्हणून त्यांनी ते काढून खिडकीशी कागदावर रचून ठेवले होते.

"काकू, एक सांगायचंय."

"सांग की. पण खाली उतरून सांग, पडशील."

तो उतरला. सांगितलं. दुसरा चौकोन, तिसरा चौकोन, फलटणचे मास्तर, दहाचे चार. सांगताना त्याच्या लक्षात आलं की फलटणला ही गोष्ट सांगितली असती तर लोक हसले असते.

काकूंनी सुतळीची गाठ पुरी केली. उरलेलं टोक कात्रीनं कापलं.

"म्हणजे हे दोन दिवसांचं काम होतं."

"हो."

"मला राहता आलं असतं."

"फुकुईंनी केलं असतं तर. नक्की सांगता येत नाही. पण हो."

"मी तुझ्याकडे काय मागितलं होतं?"

"मोरीतला दिवा."

"मग?"

शिरीषनं हातातली पकड खिशात घातली.

"अरे, पंचेचाळीस वर्षं राहिले मी या लोकांत," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, बसला होता. "मला एका शब्दानं विचारलं असतंस तर सांगितलं असतं. इथं भाजीवाला सांगेल तो भाव आणि कागद सांगेल ते खरं. मालकाला कसं फिरवायचं ते तू ठरवलंस, मी कुठं राहायचं ते अद्वयनं ठरवलं. घरात राहणारी बाई कुठंय त्यात?" मग पुढची वही ओढली. "जा आता. जाताना तो खालचा गठ्ठा दाराशी ठेव. जड आहे."

त्यानं ठेवला. त्यानंतर काकू तीन आठवडे त्याच्याशी बोलल्या त्या कामापुरत्या, ईश्वरीमार्फत.

जायचा दिवस ठरला तेव्हा निशी-कासाईला स्वरूपाचं बाळ काकूंच्या पायांवर होतं. स्वरूपाची आई पुण्यात गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनं पडून, सासू नाही, नवरा संशोधक, आपल्या उंदरांना वेळेवर खायला घालणारा आणि बायकोला विसरणारा. काकूंनी अद्वयला फोन केला: "अकरा दिवस पुढे ढकल." अद्वय म्हणाला, "आई, सामानाची गाडी ठरलीय. फुकुई-सानांना शब्द दिलाय." आणि शब्द दिलाय म्हटल्यावर काकूंनाही पुढे बोलता येईना. शेवटची रात्र घर सोडून हॉटेलात काढली, शेवटच्या सकाळी तिथून थेट स्वरूपाकडे गेल्या, बाळाला न्हाऊ घातलं आणि ओले हात पुसत तोक्यो स्टेशनला आल्या.

शिरीष बॅग उचलायला गेला होता. कुणी बोलावलं नव्हतं. अद्वय उंच, शांत, आईच्या कोपराला हात लावून चालणारा. त्यानं शिरीषला वाकून नमस्कार केला, पुन्हा आभार मानले. तो वाईट माणूस असता तर बरं झालं असतं, असं शिरीषला वाटलं.

गाडीला बारा मिनिटं होती. काकू फलाटावरच्या बाकावर बसल्या आणि तीन आठवड्यांनी पहिल्यांदा त्याच्याकडे बघून बोलल्या.

"एकोणतीस झाल्या."

"काय काकू?"

"आंघोळी. स्वरूपाच्या. अकरा राहिल्या. आजवर कुणाचं बाळ मी सव्वा महिन्याच्या आत सोडलेलं नाही." त्यांनी त्याच्यावर बोट रोखलं. "त्या तुझ्याकडे."

"माझ्याकडे? काकू, मी वायरमन माणूस…"

"वायरमनला पाय नसतात का? बघ इकडे." आणि तोक्यो स्टेशनच्या सतरा नंबरच्या फलाटावर दमयंतीकाकूंनी बाकावर आडवं बसून दोन्ही पाय सरळ पसरले, चपला खाली काढल्या आणि हातातली पर्स पायांवर उताणी ठेवली. "मान अशी. अंगठा कानामागे, दाबायचा नाही. पालथं केलंस की हनुवटी इथं पोटरीवर. पाणी टाळूवर थेट ओतायचं नाही, आपल्या हातावर ओतायचं आणि हातावरून जाऊ द्यायचं. रडलं तर थांबायचं नाही. थांबलास की ते घाबरतं."

सूटवाले लोक बाजूनं वळसा घालून जात होते. कुणी बघितलं नाही, बघायचं नसतं. अद्वय घड्याळाकडे बघत होता, मग बघेनासा झाला. तो आईच्या पायांकडे आणि पर्सकडे बघत राहिला. आपण त्या पायांवर कधी होतो हे त्याला आठवणं शक्य नव्हतं.

"कळलं का?" काकूंनी विचारलं.

"कळलं."

"खरं सांग. जास्त सांगू नकोस."

"निम्मं कळलं."

"बरं." त्यांनी पर्स उचलली, पाय खाली घेतले, चपला घालायला वाकल्या. त्यांना वाकता येईना. शिरीषनं त्या पायांत सरकवल्या. डोकं वर केलं तोवर त्या उठल्या होत्या आणि गाडी आलेली होती. "काकू, माझं चुकलं," तो म्हणाला. दार उघडण्याच्या धुनेत ते ऐकू गेलं की नाही कळलं नाही. त्या खिडकीशी बसल्या, पण फलाटाच्या बाजूची खिडकी नव्हती ती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला शिरीष स्वरूपाकडे गेला. न्हाणीघरात पाय पसरून बसला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. स्वरूपानं बाळ आणलं आणि त्याच्या पायांवर ठेवलं. साडेतीन किलोचा, तेल लावलेला, निसटणारा जीव. त्यानं अंगठा कानामागे नेला. बाळ रडलं. त्याच्या हाताखाली बाळाची मान एवढीशी होती, आणि ती कुठल्याही बाजूला जाऊ शकत होती. शंभर व्होल्टला उघडा हात लावणारा माणूस तिथं गारठला. तो थांबला. थांबला तसं ते आणखी घाबरलं.

"राहू द्या दादा," स्वरूपा म्हणाली आणि बाळाला उचलून प्लास्टिकच्या टबात घेतलं. "मी करते कसंतरी. तुम्ही उद्या या."

उद्या दुकानात काम निघालं, परवा जुईला ताप आला. मग स्वरूपा टबालाच सरावली आणि बाळही. सव्वा महिना उलटून गेला. ग्योतोकुचं घर पाडून झालं, तिथं आता खडी पसरली आहे आणि चार गाड्यांच्या पांढऱ्या रेघा.

ओसाकाहून काकूंचा फोन ईश्वरीला येतो. आंघोळींचं त्या काही विचारत नाहीत. मागच्या आठवड्यात स्वरूपानं शिरीषला निरोप पाठवला: दादा, बाळ आता मान धरायला लागलंय, एक तरी आंघोळ पायावर घाला, काकूंना फोटो पाठवते. शिरीषनं उत्तर दिलं, उद्या येतो.

त्याला आज नऊ दिवस झाले.